पाखाडी पुन्हा चढायची आहे: गुडघ्याखालून पाय गेलेल्यांसाठी

आमच्या घरापासून वरच्या रस्त्यापर्यंत पाखाडीच्या, म्हणजे जांभ्या दगडाच्या चढाच्या वाटेच्या, ६३ पायऱ्या आहेत. दोन्ही पाय होते तोवर त्या कधी मोजल्या नव्हत्या.

२०२४ च्या एप्रिलमध्ये आंब्याच्या कलमावरून पडलो. डाव्या पायाचं हाड घोट्याच्या वर कातडी फोडून बाहेर आलं. वाडीतल्या पोरांनी चादरीची डोली करून मला त्याच ६३ पायऱ्यांवरून वर नेलं. मग गाडी, एक दवाखाना, दुसरा दवाखाना. चौथ्या दिवशी डॉक्टर म्हणाले, पाय ठेवला तर माणूस राहणार नाही. गुडघ्याच्या खाली वीतभर ठेवून बाकीचा पाय काढला.

आज मी ती पाखाडी दिवसातून दोनदा चढतो-उतरतो. मधल्या काळात ज्या गोष्टी कुणी वेळेवर सांगितल्या नाहीत, किंवा सांगितल्या तेव्हा मी ऐकल्या नाहीत, त्या इथे क्रमाने मांडतोय. पाय गुडघ्याच्या वरून गेला असेल तर पट्टी, व्यायाम आणि पायाचा सांधा वेगळा असतो, पण कागद, पाऊस आणि पायऱ्या सगळ्यांना सारख्याच.

१. पहिले पंधरा दिवस: उशी काढा

आईच्या मायेने माझं मोठं नुकसान होता होता राहिलं. शस्त्रक्रियेनंतर पाय ठणकायचा, म्हणून ती गुडघ्याखाली मऊ उशी सरकवायची. बरं वाटायचं. आठवड्याने फिजिओथेरपीच्या बाई आल्या, त्यांनी पहिल्यांदा ती उशी उचलून खुर्चीवर ठेवली आणि म्हणाल्या, "गुडघा असाच वाकडा आखडला तर कुठलाच पाय नीट बसणार नाही."

त्याचं कारण असं. गुडघा वाकवून ठेवला की मागचे स्नायू आखूड होतात. काही आठवड्यांत तो पूर्ण सरळ होईनासा होतो, आणि मग कृत्रिम पायावर उभं राहताना माणूस कायम वाकलेला राहतो. आखडलेला गुडघा सोडवायला महिने जातात. म्हणून:

- गुडघ्याखाली आणि मांडीखाली उशी नको. पाय सरळ.
- खाटेच्या कडेला पाय लोंबकळत ठेवून बसायचं नाही. खुर्चीत बसलात तर समोर स्टूल ठेवून पाय त्यावर सरळ.
- डॉक्टरांनी परवानगी दिली की दिवसातून दोन-तीन वेळा वीसेक मिनिटं पालथं झोपायचं. कंटाळवाणं आहे, पण खुब्याचा सांधा त्यानेच मोकळा राहतो.
- मांडीचे स्नायू आवळून गुडघ्याची वाटी वर खेचायची, पाच मोजायचे, सोडायचं. पडल्या पडल्या जमेल तेवढ्या वेळा.

आणि एक सापळा, ज्यात जवळजवळ प्रत्येक जण सापडतो. रात्री लघवीला उठताना झोपेत मेंदूला वाटतं पाय आहे. मीही तसाच खाटेवरून उतरलो आणि ताज्या टाक्यांवर पडलो. चांगल्या पायाच्या बाजूने खाटेला खुर्ची लावून ठेवा, कुबड्या हाताला लागतील अशा ठेवा आणि रात्री दिवा चालू राहू द्या.

पाय साखरेमुळे गेला असेल तर दुसऱ्या पायाचा तळवा रोज रात्री आरसा धरून बघा. आता सगळा भार त्याच्यावर आहे.

२. पट्टी बांधायला घरातल्या दोघांना शिकवा

उरलेल्या भागाला सगळे स्टंपच म्हणतात, मीही तेच म्हणतो. शस्त्रक्रियेनंतर तो सुजतो. ती सूज उतरून त्याला खाली निमुळता आकार आला तरच माप घेता येतं. त्यासाठी चार इंची लवचीक क्रेप पट्टी आठच्या आकड्यात बांधतात: टोकाला घट्ट, वर येताना सैल होत जाणारी. दर चार-सहा तासांनी सोडून पुन्हा.

गोल गोल गुंडाळलेली पट्टी मध्येच आवळते आणि टोक फुगतं. माझा स्टंप पहिल्या आठवड्यात डमरूसारखा दिसायला लागला होता, कारण बांधणारा मीच, घाईत. बायकोने आणि पुतण्याने दवाखान्यातून घरी यायच्या आधी नर्सकडून शिकून घेतलं, तेव्हा आकार सुधारला. टाके काढल्यावर, जखम भरली असेल तर, घट्ट मोज्यासारखा श्रिंकर मिळतो, तो सोपा पडतो. पट्टीनंतर टोक निळं-काळं पडलं किंवा ठणका वाढला तर लगेच सोडा.

जखम भरली की स्टंपला स्पर्शाची सवय लावायची. आधी मऊ फडकं, मग टॉवेल, मग बोटांनी हलकं थोपटणं. पुढे त्याच कातडीवर अख्खं शरीर पेलायचं असतं.

३. नसलेला पाय दुखतो तेव्हा

माझ्या नसलेल्या पायाचा अंगठा पिरगळल्यासारखा दुखायचा. घरात बोललो तर कुणी म्हणालं बाहेरचं आहे, गाऱ्हाणं घालूया. गाऱ्हाणं घातलंही, देवाला सांगण्याबद्दल माझी तक्रार नाही. पण हे दुखणं खरं आहे आणि बहुतेक पाय-हात गमावलेल्यांना कमीजास्त होतं. पाय गेला तरी मेंदूतला त्याचा नकाशा जागच्या जागी असतो, म्हणून.

त्यावर एक स्वस्त उपाय आहे. न्यूरोशास्त्रज्ञ व्ही. एस. रामचंद्रन यांनी १९९० च्या दशकात आरशाचा प्रयोग केला. दोन पायांच्या मध्ये आरसा असा उभा धरायचा, की चांगल्या पायाचं प्रतिबिंब गेलेल्या पायाच्या जागी दिसेल. मग आरशात बघत चांगला पाय हळू हलवायचा, बोटं उघडमीट करायची, आणि मनाने दुसराही हलवायचा. मी कपाटाचा जुना आरसा वापरला, रोज पंधरा मिनिटं. तिसऱ्या आठवड्यात पिळलेला अंगठा सुटल्यासारखा वाटला. सगळ्यांना गुण येतोच असं नाही. नाही आला तर डॉक्टरांना स्पष्ट सांगा, नसांच्या दुखण्याच्या वेगळ्या गोळ्या असतात. नेहमीच्या वेदनाशामक गोळ्या गिळत बसू नका.

४. पाय येण्याआधी कागद

सगळ्यात आधी पंचनामा. "झाडावरनं पडला, त्यात पोलीस कशाला?" असं आमच्याकडे सगळे म्हणाले. पण शेतकऱ्यांसाठी गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजना आहे. त्यात उंचावरून पडणं धरलं जातं, आणि अपघातात एक अवयव कायमचा गेला तर १ लाख, दोन गेले तर २ लाख रुपये मिळतात. अर्जाला मुदत ३० दिवसांची, आणि अपघात झाल्याचा पुरावा लागतो. दवाखान्यात भरती होताना अपघाताची नोंद पोलिसांकडे जाईल हे बघा. चौकशी तालुका कृषी कार्यालयात करा.

दुसरी अडचण खास आपल्या कोकणाची. सामाईक सातबारा. आमच्यावर २७ नावं आहेत, त्यातली निम्मी वर गेली आणि उरलेली विरारला. माझं स्वतःचं नाव नाही, वडिलांचं आहे. खातेदाराच्या कुटुंबातला एक सदस्यही पात्र ठरतो, हे मला एका कृषी सहायकाने सांगितलं म्हणून वाचलो. एका दुसऱ्या खिडकीवर मला आधी परत पाठवलं होतं. तोंडी नकार घेऊन घरी येऊ नका, अर्ज द्या आणि पोच घ्या.

दुसरा महत्त्वाचा कागद यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगत्वाचं ओळखपत्र. स्वावलंबन पोर्टलवर अर्ज भरायचा, मग रुग्णालयात तपासणी. ४० टक्क्यांच्या खाली पांढरं, ४० ते ८० च्या आत पिवळं, ८० आणि वर निळं कार्ड. गुडघ्याखालून पाय गेलेला माणूस ४० च्या वरच येतो. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याचे बहुतेक फायदे त्या ४० पासून सुरू होतात.

एका प्लास्टिकच्या फाइलीत हे ठेवा, प्रत्येकी पाच झेरॉक्स:

- आधार, रेशनकार्ड, बँक पासबुक
- भरती आणि डिस्चार्जचे कागद, शस्त्रक्रियेची नोंद, एक्स-रे
- पंचनामा किंवा पोलिसांकडची नोंद
- सातबारा, आठ-अ, वारसाच्या नोंदीचा फेरफार
- तहसीलचा उत्पन्नाचा दाखला
- यूडीआयडी कार्ड किंवा निदान अर्जाचा क्रमांक
- पासपोर्ट फोटो, भरपूर

शस्त्रक्रियेच्या खर्चासाठी महात्मा फुले जन आरोग्य योजना आहे, पण ते भरती होतानाच सांगावं लागतं. कार्ड हातात आलं की एसटीत तिकिटाला ७५ टक्के सवलत. रेल्वेच्या सवलतीचा दाखला आणि ओळखपत्र वेगळं काढावं लागतं, नुसत्या यूडीआयडीवर भागेल असं धरून तिकीट काढू नका. उत्पन्न फारच कमी असेल तर संजय गांधी निराधार योजनेचा अर्ज तहसीलला.

५. पाय कुठे आणि कोणता

मी हाजीअलीला गेलो. मुंबईत महालक्ष्मीजवळची ही केंद्र सरकारची पुनर्वसन संस्था १९५५ पासून चालू आहे, आणि डॉक्टर, फिजिओथेरपी, पाय बनवणारे कारागीर एकाच आवारात भेटतात. सिंधुदुर्गातले बरेच लोक गोव्याला बांबोळीला किंवा घाट चढून कोल्हापूरला जातात. कुठेही जा, एका खेपेत काम होत नाही. तपासणी, माप, चाचणी, चालण्याचा सराव असं धरून दोन-तीन आठवडे मुंबईत राहायची सोय बघा. माझा चुलत भाऊ लालबागला आहे. चौथा मजला, लिफ्ट नाही. पुढच्या पाखाडीची तालीम तिथेच झाली.

आता कोणता पाय. मोबाइलवर रोबोटसारखे पाय दिसतात, आणि ते खोटे नाहीत. गुडघ्यावरून पाय गेलेल्यांसाठी आतमध्ये छोटा संगणक असलेला गुडघा १९९० च्या दशकापासून बाजारात आहे, लाखांच्या भावात. आयआयटी मद्रासने २०२२ मध्ये 'कदम' नावाचा देशी बनावटीचा गुडघा आणला, अनेक अक्षांवर वळणारा, त्याने अडखळून पडणं कमी होतं. आपल्याला गुडघा आहे, त्यामुळे आपला प्रश्न सोपा: स्टंप ज्यात बसतो तो साचा, ज्याला सॉकेट म्हणतात, आणि खाली पाऊल.

पाऊल निवडताना मला हाजीअलीच्या बाकावर भेटलेली हर्णैची एक मासेविक्री करणारी ताई आठवते. कारागीर तिला पावलांचे प्रकार समजावत होता. तिने सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "विळीवर बसून मासे कापता येतील?" मी माझी यादी तेव्हाच बदलली. तोवर मी "चांगला पाय द्या" एवढंच म्हणत होतो.

तिच्या प्रश्नाचं उत्तर निम्मं जयपूरला आहे. १९६८ च्या सुमारास तिथल्या सवाई मानसिंग रुग्णालयात कारागीर रामचंद्र शर्मा आणि डॉ. प्रमोद करण सेठी यांनी जयपूर फूट घडवला, कारण विलायती पाऊल बूट घालून सपाट फरशीवर चालणाऱ्यासाठी होतं. जयपूर फूट रबराचा, सगळ्या बाजूंनी वाकणारा; अनवाणी चालायला, उकिडवं बसायला, चिखलपाण्यात जायला. त्याच्या वरची नळी पुढे एचडीपीई पाइपची करायला लागले, म्हणजे शेतात पाण्याला वापरतो त्याच जातीचा पाइप. भगवान महावीर विकलांग सहायता समिती १९७५ पासून तो मोफत बसवते. कार्बन फायबरचं पाऊल हलकं असतं, चालताना पुढे ढकलतं, महाग असतं. तुम्ही दिवसभर बूट घालून ऑफिसात असाल तर ते घ्या. मी जयपूर फूट घेतला.

शिबिरांबद्दल दोन शब्द. एडिप या केंद्राच्या योजनेतून मोफत साधनं मिळतात, ॲलिम्को या कानपूरच्या सरकारी कारखान्यातून ती येतात. पण मापाचं शिबिर आणि वाटपाचं शिबिर यांत काही महिने गेले तर तेवढ्यात स्टंप बारीक होतो आणि आलेला पाय डगडगतो. सरकारी योजनेतून एकदा साधन घेतलं की ठरावीक काळ दुसरं मिळत नाही. म्हणून शिबिरात जाण्याआधी विचारा: सैल झाला तर दुरुस्ती कोण करणार, कुठे? उत्तर नसेल तर पहिला पाय कायमच्या केंद्रातूनच घ्यावा, असं माझं मत आहे.

६. माप देताना

स्टंपचा घेर आठवडाभर सकाळ-संध्याकाळ टेपने मोजा, वहीत लिहा. तो स्थिरावला की माप. घाई केलीत तर दोन महिन्यांत साचा सैल.

कारागीर स्टंपवर ओला पातळ मोजा चढवतो आणि जांभळ्या पेन्सिलीने खुणा करतो: वाटीखालचा पट्टा, नडगीची धार, बाहेरच्या बाजूचं ते छोटं हाडाचं टोक. मग प्लास्टरची ओली पट्टी. वाटीच्या खाली तो दोन्ही अंगठे दाबून धरतो आणि प्लास्टर गरम होत घट्ट होतं. ते उतरवल्यावर आतल्या बाजूला सगळ्या जांभळ्या खुणा उमटलेल्या दिसतात. वजन कुठे पेलायचं आणि कुठला हाडाचा कोपरा मोकळा सोडायचा, हे त्या खुणांवर ठरतं. तो दाबत असताना कुठे दुखतंय ते बोला. "चालेल, चालेल" म्हणू नका. आपल्याकडे मोठ्या माणसासमोर तक्रार करायची नाही असं वळण असतं, ते इथे महागात पडतं.

आणि उकिडवं किंवा मांडी घालून बसायचंय हे मापाच्याच दिवशी सांगा. साच्याची मागची कड किती खाली कापायची हे त्यावर ठरतं. ती उंच राहिली तर गुडघा वाकवताना मांडीच्या मागच्या शिरांना काचते.

७. पहिला महिना

पहिल्या दिवशी अर्धा तास. काढा, कातडी बघा. वाटीखालच्या पट्ट्यावर लाली येणारच. पण नडगीच्या धारेवर, टोकाला किंवा बाहेरच्या हाडावर आलेली लाली पंधरा-वीस मिनिटांत गेली नाही तर त्या दिवशी पुन्हा घालू नका, आणि कारागिराला दाखवा. आत कापूस कोंबणं, सुरीने कड तासणं हे उद्योग मी केले आहेत. त्याने फोड आला आणि बारा दिवस पुन्हा कुबड्यांवर.

दिवसभरात स्टंप बारीक होतो, पाय सैल वाटतो. मग वर एक मोजा जास्त चढवायचा. सकाळी एक, दुपारी दोन, असं चालतं. स्टंप रात्री धुवा, सकाळी नको. ओलसर कातडी साच्यात लवकर सोलते. चपलेची टाच बदलू नका, पायाचा कोन एका उंचीला जुळवलेला असतो.

८. पाखाडी

दवाखान्यातल्या फरशीवर मी आठव्या दिवशी काठीशिवाय चाललो आणि स्वतःवर खूश झालो. घरी आलो, जांभ्याच्या पहिल्या पायरीवर पाय ठेवला आणि कळलं की आपल्याला अजून काही येत नाही. पायऱ्या कधी वीतभर, कधी दीड वीत, काहींचे कोपरे झिजलेले.

नियम एवढाच: चढताना आधी चांगला पाय, उतरताना आधी नवा पाय. चढणं सोपं आहे. उतरणं अवघड, कारण नव्या पायाचा घोटा खऱ्या घोट्यासारखा वाकत नाही. उंच पायरी तिरकं उभं राहून उतरा. एक हात कायम मोकळा ठेवा, सामान पाठीवरच्या पिशवीत. पहिल्या दिवशी चार पायऱ्या केल्या, खाली पुतण्या उभा. ६३ ला पाच आठवडे लागले. कुबडी किंवा काठीचं रबरी बूच झिजलं की बदला, चाळीस-पन्नास रुपयांसाठी हाड मोडून घेऊ नका.

कठडा नसेल तर मागा. ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातले ५ टक्के दिव्यांगांसाठी खर्च करायचे असतात. मी अर्ज दिला, दोन ग्रामसभांत उभा राहून बोललो, आणि गणपतीच्या आधी एका बाजूला लोखंडी पाइप लागला. आता सगळ्यात जास्त तो धरतात त्या वाडीतल्या म्हाताऱ्या.

घरात उंबरठ्याला पिवळा रंग, न्हाणीत भिंतीला पाइप आणि बसायला प्लास्टिकचं स्टूल. आंघोळीला पाय काढलेला असतो, तेव्हाच माणसं घसरतात.

९. पावसाळा

जूनपासून जांभ्यावर शेवाळ धरतं. आठवड्याला ब्लीचिंग पावडर टाकून खराट्याने घासा, किंवा घासून घ्या. स्टंपचे मोजे सुती, निदान सहा जोड; आमचे चुलीवरच्या दोरीवर वाळतात आणि त्यांना धुराचा वास येतो, माझी काही तक्रार नाही. साच्यात घाम साचून गजकर्ण होतं. दुपारी एकदा पाय काढून स्टंप कोरडा करा. समुद्रावर गेलात तर घरी आल्यावर वाळू आणि खारं पाणी गोड्या पाण्याने धुवा, नाहीतर स्क्रू गंजतात.

१०. काम, आणि जुना पाय

झाडावर मी आता चढत नाही. झेला, म्हणजे आंबे काढायची जाळी लावलेली लांब काठी, घेऊन जमिनीवरून जेवढं निघतं तेवढं काढतो. आढी लावणं (म्हणजे आंबा गवतात पिकत घालणं), आंबा निवडणं, पेटी भरणं माझ्याकडे. आढीत गवतावर बसायला लागतं, तिथे ती मागची कड नीट कापल्याचा उपयोग होतो.

पहिल्या वर्षात साचा बदलावा लागला, तुमचाही लागेल. नवा आला म्हणून जुना पाय टाकू नका. माझा जुना पाय पडवीत झेल्याच्या शेजारी खुंटीला असतो. कारागिराने आतून जाड अस्तर लावून दिलंय, बागेत चिखल असला की तोच घालतो. गेल्या पावसात नव्याचा पट्टा तुटला तेव्हा मुंबईची गाडी मिळेपर्यंतचे नऊ दिवस त्याच्यावरच काढले.